उत्तर न देणाऱ्या कोंबड्या : बी पेशींच्या संशोधनात उतरण्याआधी

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातला विद्यार्थी रोगप्रतिकारशास्त्रात पीएचडी करायचे म्हणतो, तेव्हा त्याचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. संस्था कोणती चांगली, कोणते तंत्र शिकले तर पुढे अडणार नाही, फेलोशिप किती, परदेशी जायला मिळेल का. प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे चार ठिकाणी चौकशी केली की मिळतात. सहसा कोणी विचारत नाही तो प्रश्न वेगळाच आहे. ज्या लॅबमध्ये मी पाच-सहा वर्षे काढणार, तिथे अपेक्षेविरुद्ध आलेल्या रीडिंगचे काय होते? ते वहीत राहते, त्यावर चर्चा होते, की 'बॅच खराब निघाली' म्हणून गुपचूप पुसले जाते? बी पेशींवर काम करायचे असेल तर लॅब निवडताना हीच कसोटी सर्वांत वर धरावी, बाकीचे सगळे तिच्यामागून, असे माझे म्हणणे आहे. त्याला आधार म्हणून फार लांब जावे लागत नाही. या पेशीच्या नावातला 'बी' आला कुठून एवढे पाहिले तरी पुरे.

कोंबडीच्या शेपटीखाली, विष्ठामार्गाला लागून एक छोटी पिशवी असते. पादुआचा शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने तिचे वर्णन केले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६२१ साली छापले गेले आणि लॅटिनमधल्या 'पिशवी' या शब्दावरून तिला 'बर्सा' म्हणू लागले. तिचा उपयोग काय, हे पुढची तीन शतके कोणाला ठाऊक नव्हते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा कुक्कुटशास्त्राचा विद्यार्थी लहान पिलांची ही पिशवी काढून टाकून ती पिले वाढवत होता. त्यांच्या वाढीत काही विशेष फरक दिसेना. त्याचा सहाध्यायी टिमोथी चँग याला वर्गात प्रतिपिंड कसे तयार होतात हे दाखवायचे होते. त्याने ग्लिककडच्या कोंबड्या घेतल्या आणि त्यांना साल्मोनेला जंतूंचा प्रतिजन टोचला. प्रात्यक्षिक फसले. काही कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंड तयारच झाले नाहीत. हाच प्रसंग दुसऱ्या एखाद्या लॅबमध्ये घडता, तर टोचलेले द्रावण जुने होते म्हणून तो तिथेच संपला असता. या दोघांनी मात्र कोणत्या कोंबड्यांनी उत्तर दिले नाही ते शोधले. त्या पिशवी काढलेल्या निघाल्या. मग त्यांनी मुद्दाम आखून तो प्रयोग पुन्हा केला. त्यावरचा निबंध 'सायन्स' नियतकालिकाने नाकारला आणि १९५६ साली तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापून आला. म्हणजे रोगप्रतिकारशास्त्राची अर्धी इमारत ज्या निरीक्षणावर उभी आहे, ते काही वर्षे बहुतांशी कोंबड्या पाळणाऱ्या शास्त्राच्या शेल्फवर पडून होते. निबंध कोणत्या नियतकालिकात आला यावरून कामाची किंमत करणाऱ्या निवड समित्यांनी ही गोष्ट अधूनमधून आठवायला हरकत नाही.

ग्लिकचे निरीक्षण पुढे नेणारा माणूस कुक्कुटशास्त्रातला नव्हता. मॅक्स कूपर हे बालरोगतज्ज्ञ. १९६०च्या दशकात ते मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट गुड यांच्याकडे आले, तेव्हा त्यांच्यापुढे जन्मतः प्रतिकारशक्ती कमी असलेली मुले होती. काही मुलांच्या रक्तात प्रतिपिंड नव्हते, पण त्यांच्या प्रतिकाराचा दुसरा भाग शाबूत दिसे. काहींच्या बाबतीत चित्र वेगळे होते. एकाच प्रकारच्या पेशी सगळे काम करत असतील तर असे का व्हावे? उत्तर कोंबडीत सापडेल असे कूपर यांना वाटले, पण आधीच्या लोकांचे निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. पिशवी काढूनही कधी कधी प्रतिपिंड दिसत. इथे कूपर यांचे खरे कसब दिसते. पिल्लू अंड्यातून बाहेर येईपर्यंत पिशवीतून काही पेशी शरीरभर पसरून गेल्या असतील, तर नंतर पिशवी काढून उपयोग काय? म्हणून त्यांनी नुकत्याच बाहेर आलेल्या पिलांची पिशवी किंवा थायमस काढले आणि आधीच पसरलेल्या पेशी किरणोत्साराने मारल्या. मग चित्र स्वच्छ झाले. पिशवी नसलेल्या पिलांत प्रतिपिंड तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी नव्हत्या. थायमस नसलेल्या पिलांत प्रतिकाराचा दुसरा हात लुळा पडला होता. १९६५ साली 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि बर्सावरून बी पेशी, थायमसवरून टी पेशी ही विभागणी पक्की झाली.

कूपर यांच्या कारकिर्दीतला मला अधिक शिकवणारा वाटतो तो भाग यापुढचा, आणि विद्यार्थ्यांना तो फारसा सांगितला जात नाही. माणसाला, उंदराला अशी पिशवी नसते. मग त्यांच्या बी पेशी कुठे तयार होतात? कूपर आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षे आतड्यालगतच्या ऊतींत, अपेंडिक्ससारख्या भागांत तिचा पर्याय शोधत राहिले. ती दिशा चुकीची होती. १९७४ साली गर्भातल्या उंदराच्या यकृतात बी पेशी तयार होतात हे दाखवणाऱ्या गटात कूपर स्वतः होते. त्याच सुमारास दुसऱ्या संशोधकांनी प्रौढ उंदराच्या अस्थिमज्जेकडे बोट दाखवले. स्वतःच्या जुन्या कल्पनेविरुद्धचा पुरावा स्वतःच्याच हाताने मांडणे ही सोपी गोष्ट नाही. पुढे पन्नाशी-साठी ओलांडल्यावर याच माणसाने जबडा नसलेल्या लॅम्प्रे माशांकडे लक्ष वळवले, आणि त्या माशांचे प्रतिपिंडांसारखे काम करणारे रेणू आपल्यापेक्षा अगदी निराळ्या बनावटीचे असतात हे २००४ साली त्यांच्या गटाने दाखवले. प्राणी बदलले, विद्यापीठे बदलली, तंत्रे तर कितीदा बदलली. प्रश्न एकच राहिला. २०१९ साली थायमसचे काम उलगडणाऱ्या जॅक मिलर यांच्याबरोबर त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या १९६५च्या निबंधाला चोपन्न वर्षे झाली होती.

असे प्रसंग फक्त जुन्या काळातच घडत, असे कोणी म्हणेल. मग दुसरे उदाहरण घ्या. लस टोचल्यावर रक्तातले प्रतिपिंड वर्षानुवर्षे का टिकतात? १९९०च्या दशकापर्यंत बहुतेकांचे उत्तर असे होते की प्लाझ्मा पेशी थोडे दिवस जगतात, आणि स्मृतिपेशी त्यांची जागा सतत भरून काढतात. हे मत पडताळणारे बरेचसे प्रयोग प्लीहेतल्या पेशींवर झाले होते, आणि प्लीहेतल्या प्लाझ्मा पेशी खरोखरच लवकर मरतात. मूळचे हैदराबादचे रफी अहमद आणि त्यांचा विद्यार्थी मार्क स्लिफ्का यांनी अस्थिमज्जेत पाहिले. विषाणूसंसर्ग होऊन गेल्यावर दीर्घकाळ प्रतिपिंड पुरवणाऱ्या पेशी तिथे बसलेल्या होत्या. १९९८ साली त्यांनी स्मृतिपेशी किरणोत्साराने नष्ट करूनही प्रतिपिंड टिकतात हे दाखवले. त्याआधीच्या वर्षी बर्लिनच्या गटानेही दुसऱ्या वाटेने हाच निष्कर्ष काढला होता. यात वापरलेले एलिस्पॉट हे तंत्र १९८३ सालचे, तुलनेने स्वस्त आणि आजही कोणत्याही बऱ्या लॅबमध्ये उभे करता येणारे. यंत्र कोणाकडेही होते. कमी होती ती दुसऱ्या अवयवात डोकावण्याची.

इथे एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. ग्लिकची कोंबडी आपल्याला आठवते, कारण तिच्यातून काही निघाले. विचित्र रीडिंगच्या मागे लागून वर्षे वाया घालवलेल्या, शेवटी खरेच द्रावण जुने निघालेल्या शेकडो विद्यार्थ्यांची नावे कोण सांगणार? जिंकलेल्यांच्या गोष्टींवरून नियम काढू नये, हे खरेच आहे. म्हणून मी प्रत्येक विचित्र निकालामागे धावा असे म्हणत नाही. ग्लिक आणि कूपर यांनी काय केले ते नीट पाहा. दोघांनीही एक स्वस्त, लवकर होणारा, हो किंवा नाही असे उत्तर देणारा प्रयोग आखला. विचित्र निकाल आला की आधी द्रावण, तापमान, उंदराचे वय, टोचण्याची तारीख तपासायची. त्यातून तो टिकला तर दोन-तीन आठवड्यांत निकाली निघेल असा एक प्रयोग करायचा. त्यातही टिकला तरच गाइडशी पुढच्या वाटचालीबद्दल बोलायचे. बी पेशींच्या बाबतीत ही शिस्त पाळणे तुलनेने सोपे आहे, कारण या पेशींना वेळापत्रक असते. लस दिल्यावर उंदराच्या लसीकाग्रंथीत जर्मिनल सेंटर, म्हणजे बी पेशींची निवड होते ती जागा, दहा ते चौदा दिवसांत ऐन भरात येते. म्हणजे पहिला कौल पंधरवड्यात मिळतो, स्मृतीबद्दल विचारायचे तर मात्र महिने जातात. कोणता प्रश्न पंधरवड्याचा आणि कोणता वर्षाचा, हे पहिल्याच वर्षी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत तर प्रबंधाचे गणित पुष्कळ सावरेल.

दुसरा आक्षेप तंत्राचा. आज एकेका पेशीतले जनुक वाचता येतात, एकाच नमुन्यातल्या हजारो बी पेशींचे ग्राहक कोणते हे काही दिवसांत कळते. असे असताना तंत्राला मागे टाकणे हा शहाणपणा आहे का? तंत्राला मी हिणवत नाही. २०१० साली गॅब्रिएल व्हिक्टोरा आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाने खुणावता येणाऱ्या पेशी वापरून जर्मिनल सेंटरच्या दोन भागांत बी पेशी कशा ये-जा करतात आणि टी पेशी त्यांची निवड कशी करतात हे दाखवले. ते तंत्र नसते तर ते उत्तर मिळाले नसते. पण तो प्रश्न कित्येक वर्षे वाट पाहत होता, तंत्र त्याच्यासाठी आणले गेले. (हे व्हिक्टोरा आधी व्यावसायिक शिक्षण घेतलेले पियानोवादक होते. 'उशीर झाला' म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.) नोकरीचा विचार केला तरी फ्लो सायटोमेट्री हाताला नीट बसवा. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञावर विसंबून न राहता रंगांची सरमिसळ स्वतः दुरुस्त करता आली पाहिजे, कारण बी पेशींच्या अर्ध्याअधिक 'नव्या उपप्रकारां'चा जन्म मला तरी तिथल्या चुकीत होतो असे वाटते. एलायझा आणि एलिस्पॉट स्वतःच्या हाताने करा. संख्याशास्त्र आणि थोडे प्रोग्रॅमिंग दुसऱ्यावर सोपवू नका. एवढे असेल तर नवे तंत्र सहा महिन्यांत शिकता येते. प्रश्न विचारायची सवय मात्र सहा महिन्यांत लागत नाही.

मग एखाद्या लॅबचा स्वभाव बाहेरून ओळखायचा कसा? माहितीपत्रकात तो छापलेला नसतो. पहिली जागा म्हणजे 'शोधगंगा'. भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. ज्या गाइडकडे जायचा विचार आहे, त्यांच्या दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काढा आणि निष्कर्षांचे प्रकरण सोडून परिशिष्टे वाचा. प्रत्येक आलेख सरळ रेषेत गृहीतकाकडे जात असेल, एकही 'असे का झाले समजले नाही' नसेल, तर सावध व्हा. अपेक्षेविरुद्ध निकाल ज्या प्रबंधात उघड मांडला आहे, त्याच्या गाइडकडे जायला हरकत नाही. दुसरी जागा म्हणजे लॅबमधले सध्याचे विद्यार्थी. गाइड नसताना त्यांना एकच विचारा, शेवटचा फसलेला प्रयोग कोणता आणि त्याचे पुढे काय झाले. उत्तर देताना ते इकडेतिकडे पाहू लागले तर तुम्हाला उत्तर मिळाले. तिसरे, गाइडला भेटाल तेव्हा त्यांनीच कधी स्वतःचे मत बदलले का हे आदराने विचारा. उंदीरघराची देखभाल कोण करते, उंदरांच्या पिढ्यांची नोंद कशी ठेवतात, प्राणीप्रयोगाच्या नीतिसमितीची परवानगी मिळायला किती महिने लागतात, हेही विचारा. या कंटाळवाण्या गोष्टींत पहिले वर्ष कसे निघून जाते हे नंतर कळून उपयोग नसतो.

तिसरा आक्षेप आपल्या परिस्थितीचा, आणि तो सर्वांत जड आहे. कूपर यांना चोपन्न वर्षे होती, इथे पाच वर्षांची फेलोशिप आहे. २०२३च्या जानेवारीपासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफला ४२,००० रुपये, त्यावर घरभाडे भत्ता. मुंबईत खोली घेऊन राहणाऱ्याला हे पुरता पुरता पुरते, आणि घरी पैसे पाठवायचे असतील तर पुरत नाही. अभिकर्मक बाहेरून येतात, त्यांना वेळ लागतो. अशा स्थितीत विचित्र निकालामागे जाणे ही चैन नाही का? माझे उत्तर उलट आहे. ज्याच्याकडे पैसा आणि वेळ दोन्ही कमी आहे, त्याने जगभरातल्या पन्नास श्रीमंत लॅब ज्या शर्यतीत धावत आहेत तीत उतरूच नये. आपल्याकडे भरपूर आहे ते आजाराचे वैविध्य, आणि त्यातल्या अनपेक्षित गोष्टी. १९५२ साली ओग्डेन ब्रूटन या सैनिकी रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञाने वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नाही हे पाहिले आणि ते बाहेरून द्यायला सुरुवात केली. त्या आजाराचे जनुक १९९३ साली सापडले, त्याला ब्रूटनचेच नाव मिळाले. त्याच जनुकातून बनणाऱ्या प्रथिनाला रोखणारे इब्रुटिनिब हे औषध २०१३ साली बी पेशींच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झाले. या साखळीची पहिली कडी महागड्या यंत्राने घडवलेली नाही. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय रोगप्रतिकाररक्तविज्ञान संस्था आहे, तिथे जन्मजात प्रतिकारदोषांचे निदान होते. ब्रूटनच्या मुलासारखी मुले आजही तिथे येतात.

आणखी एक उदाहरण अगदी दाराशी आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या 'नेक्सकार१९' या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाने मान्यता दिली. रुग्णाच्याच टी पेशी बदलून, सीडी१९ हे चिन्ह असलेल्या बी पेशींवर त्यांना सोडायचे, असा तो उपचार. कर्करोगाच्या बी पेशींबरोबर निरोगी बी पेशीही जातात. मग या रुग्णांचे प्रतिपिंड कमी झाले की त्यांना बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते, म्हणजे ब्रूटनचाच जुना उपाय. परंतु परदेशातल्या अभ्यासांत असे दिसले की गोवरासारख्या जुन्या लसींचे प्रतिपिंड यातल्या काही रुग्णांत टिकून राहतात, कारण अस्थिमज्जेतल्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींपैकी काहींवर सीडी१९ नसते. आता विचार करा. आपल्याकडच्या मुलांना लसी वेगळ्या वेळापत्रकाने मिळतात, संसर्ग वेगळे होतात. त्यांच्या अस्थिमज्जेत कोणती स्मृती साठलेली आहे आणि उपचारानंतर तिच्यातले काय उरते? नीतिसमितीची परवानगी आणि रुग्णालयाशी चांगले संबंध असतील तर या प्रश्नाला एलायझाने हात घालता येतो. खारघरचे अॅक्ट्रेक, पुण्यातली आयसर, एनसीसीएस आणि राष्ट्रीय विषाणू संस्था यांच्यात तासा-दोन तासांचे, फार तर चार तासांचे अंतर आहे. त्यांच्यातले मनाचे अंतर कधी कधी जास्त असते. दोन गाइडांच्या मधल्या प्रश्नावर काम करायची तयारी विद्यार्थ्याने दाखवली तर तेही कमी होऊ शकते.

असे प्रश्न रुग्णापाशी सुरू होतात, म्हणून एमबीबीएस किंवा पशुवैद्यकाची पदवी घेतलेल्यांनी आपल्याला उशीर झाला असे समजू नये. कूपर आणि ब्रूटन दोघेही बालरोगतज्ज्ञ. हार्वर्डमध्ये बी पेशींवर काम करणारे शिव पिल्लई वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाले, मग कोलकात्यात पीएचडी आणि त्यानंतर डेव्हिड बाल्टिमोर यांच्याकडे पोस्टडॉक. १९८७ साली अपक्व बी पेशींतल्या प्रतिपिंडाच्या पर्यायी साखळीवर त्यांनी निबंध लिहिला. २०२० साली त्यांच्याच गटाने कोविडने दगावलेल्या रुग्णांच्या प्लीहेत आणि लसीकाग्रंथींत जर्मिनल सेंटर नाहीशी झालेली असतात हे दाखवले. शवविच्छेदनातल्या ऊतीत जे असायला हवे ते नाही, हे ओळखायला आधी काय असते हे डोळ्यांना ठाऊक लागते. डॉक्टरकी केलेल्याला ती सवय असते. त्याने वाढवायची ती नियंत्रण नमुन्यांची शिस्त. नुसत्या विज्ञानशाखेतून आलेल्याने उलट दिशेने जाऊन वर्षातून काही दिवस तरी रुग्णालयात घालवावेत.

परदेशाबद्दल थोडक्यात. पोस्टडॉकसाठी जायला हरकत नाही, बहुतेकदा जावेच. पण प्रश्न बरोबर घेऊन जा. तिथल्या मोठ्या लॅबचा पंचविसावा हात होऊन परतलात, तर इथे स्वतःची लॅब उभी करताना तुमच्याकडे ते तंत्रही नसेल, कारण ते यंत्र तिकडेच राहिले, आणि प्रश्नही नसेल, कारण तो त्यांचा होता. जाण्यापूर्वीच लेखी विचारून घ्या की परतताना कामाचा कोणता भाग बरोबर नेता येईल.

राहता राहिली वही आणि फ्रीजर. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात १९१८च्या फ्लूच्या काळात जिवंत असलेल्या, तपासणीच्या वेळी ९१ ते १०१ वर्षांच्या ३२ जणांचे रक्त घेतले गेले, आणि त्या विषाणूला रोखणारे प्रतिपिंड बनवणाऱ्या बी पेशी नव्वद वर्षांनंतरही त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात सापडल्या. शरीर इतके जपून ठेवते, तर उणे ऐंशीच्या फ्रीजरमधल्या तुमच्या नळ्यांनी निदान पुढच्या विद्यार्थ्यापर्यंत टिकावे. प्रत्येक प्रयोगातले उरलेले सीरम छोट्या छोट्या भागांत वाटून ठेवा, म्हणजे दर वेळी सगळे वितळवावे लागणार नाही. नळीवर 'दुसरी बॅच' किंवा 'नवे' असे लिहू नका. प्राण्याचा किंवा रुग्णाचा सांकेतिक क्रमांक, टोचल्याची तारीख, रक्त घेतल्याची तारीख, तुमची आद्याक्षरे आणि वहीचे पान, एवढे लिहा, तेही न पुसणाऱ्या पेनाने. आधी त्या प्राण्यावर दुसऱ्या कोणत्या प्रयोगात काय केले होते तेही वहीत हवे, मग तो प्रयोग तुमचा नसून शेजारच्या टेबलावरच्या मित्राचा का असेना. चँगच्या प्रात्यक्षिकात ज्यांनी उत्तर दिले नाही, त्या कोंबड्या ग्लिकने पिशवी काढलेल्याच आहेत हे कळू शकले ते एवढ्यामुळेच.